समारंभ लिहिताना शब्द कसे निवडता? मला 'प्रेमळ' महागात पडला

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. इथे समारंभ लिहिणारे, चालवणारे दोनतीन जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं म्हणून विचारतेय. मी दीड वर्षं झालं सेलिब्रंट म्हणून काम करतेय, म्हणजे लग्न, नामकरण, निरोपाचे कार्यक्रम, जिथे घरच्यांना धार्मिक विधी नको असतो किंवा नुसता विधी पुरेसा वाटत नाही तिथे मी त्यांच्याशी बोलून सगळी स्क्रिप्ट लिहिते आणि उभं राहून वाचतेही मीच. लग्नं बरी जमतात. निरोपाला गडबड होते.

मागच्या महिन्यात एका गृहस्थांचा निरोप होता. माहिती सगळी धाकट्या मुलाने दिली, तास-दीड तास भरभरून बोलला, मी लिहून घेतलं आणि पहिल्याच परिच्छेदात टाकलं, "अत्यंत प्रेमळ वडील आणि सगळ्या घराचा आधारवड". पहिल्या रांगेत मोठी मुलगी बसलेली. मी 'प्रेमळ' म्हणाले आणि तिने मांडीवरची पर्स उघडली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं, परत मिटली. कार्यक्रम संपेपर्यंत असं चारपाच वेळा. वर एकदाही बघितलं नाही. नंतर बाहेर भेटली तेव्हा अगदी शांतपणे म्हणाली, "छान बोललात. फक्त कुणाबद्दल बोलत होतात ते मला कळलं नाही."

तेव्हापासून तो चेनचा आवाज डोक्यातून जात नाहीये.

आणि आता पुढच्या आठवड्यात परत तसलंच घर आलंय. वडील गेले, तीन मुलं. मधल्या मुलाशी त्यांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं, तो येणारे. आई म्हणते वाईट काही बोलू नका हं. मोठी मुलगी म्हणते खोटं काही बोलू नका. दोघींचं ऐकायचं तर मला फक्त नाव आणि जन्मतारीख वाचून खाली बसावं लागेल. तुम्ही काय करता? टाळायच्या शब्दांची काही यादी ठेवलीय का कुणी?

जुना_खडू

ताई, पर्सवाली गोष्ट मनाला लावून घ्या पण फार नको, या कामात प्रत्येकाची एक असतेच. मी एकदा भर कार्यक्रमात गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या हयात भावाचं नाव घेतलंय, भाऊ समोर बसला होता, त्याने हात वर केला. असो.

यादी आहे, पण त्याआधी एक. 'प्रेमळ' हा शब्द वाईट नाही, तो तुमचा नव्हता एवढंच. तुम्ही त्या माणसाला कधी भेटला नव्हतात आणि सगळ्यांसमोर त्याला सर्टिफिकेट दिलंत. विशेषण म्हणजे निकाल असतो बघा, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा निकाल वेगळा असू शकतो. म्हणून मी पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन फक्त विशेषणं गोल करतो. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. मग प्रत्येक गोलाशेजारी लिहितो, "कशावरून?" ज्याला उत्तर मिळतं त्याच्या जागी ते उत्तर टाकतो, ज्याला मिळत नाही ते काढून टाकतो. 'कष्टाळू'च्या जागी "पहाटेची पाळी असायची तेव्हा कुणाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरायचे" हे आलं की कुणी पर्स उघडत नाही, कारण हे घडलेलं आहे. ज्याचं त्यांच्याशी पटत नव्हतं त्यालाही तो चपलांचा हात आठवतो. पटणं न पटणं त्याचं त्याच्याकडे राहतं.

हे मिळवायचं तर विचारतानाच वेगळं विचारावं लागतं. "कसे होते?" असं विचारलंत की लोक विशेषणंच देणार, त्यांचा दोष नाही. मी विचारतो, घरी आल्यावर पहिल्यांदा काय करायचे, कशावरून चिडायचे, कुठली गोष्ट दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, फोन उचलल्यावर काय म्हणायचे. 'कशावरून चिडायचे' हा प्रश्न सोडू नका, तिथे लोक हसतात आणि मग खरं बोलायला लागतात.

दुसरं म्हणजे घरात जो सगळ्यात कमी बोलला त्याला वेगळा फोन करायचा. नेहमी. ज्याने तास-दीड तास भरभरून सांगितलं त्याची गोष्ट तुमच्याकडे आलेलीच असते, आणि सगळी संहिता त्याच्या बाजूने झुकते, आपल्याला कळतही नाही.

आता यादी. 'सगळे', 'नेहमी', 'कधीच नाही', 'प्रत्येकाला'. हे चार आधी काढा. "सगळ्यांना जीव लावला" म्हणालात की ज्याला लावला नाही तो हॉलमध्ये असतोच, बहुतेक शेवटच्या रांगेत. त्यानंतर 'शिस्तप्रिय', 'स्पष्टवक्ते', 'तत्त्वाचे पक्के' आणि "वरून कडक पण आतून फणसासारखे". मराठी माणसाला याचा अर्थ काय होतो ते शाळेपासून माहीत असतं. आपल्याला वाटतं आपण झाकलं, ऐकणारा बरोबर उलगडतो, वर आपण झाकायला गेलो हेही त्याला दिसतं.

आणि शब्द कुणाचा आहे ते सांगून टाका की. "धाकट्याच्या आठवणीतले बाबा असे", "मोठीला आठवतात ते वेगळे". एका माणसाबद्दल दोन वाक्यं शेजारीशेजारी उभी राहू शकतात, त्यांचं भांडण आपण सोडवायचं नसतं.

अर्धविराम

खडू काकांना +१, विशेषतः चार शब्दांना.

मी लिहीत नाही पण निरोपाच्या कार्यक्रमांचं व्यवस्थापन बघतो, त्यामुळे वर्षाकाठी भरपूर ऐकतो. माझी चीड आहे ती "मृत्यूशी झुंज अखेर अपयशी ठरली" या वाक्यावर. पेपरातून उचललेलं. कॅन्सरने गेलेल्या बाईच्या नवऱ्याने मला एकदा विचारलं होतं, म्हणजे ती कमी पडली का? मला काही उत्तर सुचलं नाही. दोन वर्षं आजारी होत्या, घरीच होत्या, शेवटपर्यंत शब्दकोडं सोडवत होत्या, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. काही पेशंट स्वतःच लढाई म्हणतात, तर मग म्हणा, त्यांचा शब्द आहे तो. आपल्याकडून लावू नका.

दुसरं जरा अवघड. कुणी स्वतः जीव दिला असेल तर. 'आत्महत्या' या शब्दात हत्या बसलेली आहे आणि पुढे 'केली' लागलं की ऐकायला गुन्ह्यासारखं लागतं. इंग्रजीतसुद्धा जे क्रियापद गुन्ह्याला लावतात ते इथे वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकारांसाठीच्या सूचनांमध्ये आहे. मराठीत "आत्महत्येने गेला" थोडं बरं वाटतं, "त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं" हेही चालतं. पण मुळात कारण उच्चारायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं, आणि तेही एकाला विचारून नाही. उच्चारायचं ठरलं तर एकदाच, साध्या आवाजात, आणि कसं केलं ते अजिबात नाही. "सुटला बिचारा" पण नको प्लीज. समोर त्याच वाटेने विचार करणारं कुणी बसलेलं असू शकतं.

आणि हो, ज्या घराला धार्मिक काही नकोय तिथेही सवयीने शब्द आत घुसतात. 'कै.' म्हणजे कैलासवासी, 'देवाज्ञा', 'देवाघरी', "आत्म्यास शांती लाभो". एका पक्क्या नास्तिक गृहस्थांच्या फोटोखाली 'स्वर्गवासी' छापलेलं बघितलंय, मित्रमंडळी बाजूला जाऊन हसत होती. 'दिवंगत' त्यातल्या त्यात चालतं. तसं बघायला गेलं तर तेही 'दिवं गत', म्हणजे स्वर्गातच पोचवतो आपण, पण ते आता कुणाला ऐकू येत नाही.

चुकलेली_मात्रा

मी सेलिब्रंट वगैरे नाही, ऐकणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि माझं जरा उलट मत आहे. इतकं जपून लिहू नका हो की काही उरणारच नाही.

माझ्या आईच्या वेळी ज्या बाई होत्या त्या फार काळजी घेणाऱ्या, कुणाला काही टोचू नये म्हणून सगळं गुळगुळीत केलेलं. आईचा 'प्रवास', मग तिचा 'नवा प्रवास', आमचा 'दुःखाचा प्रवास'. माझी आई घरातून बाहेर पडायला कुरकुर करायची!! प्रवास कसला. पंचवीस मिनिटांच्या बोलण्यात 'ती गेली' हे एकदाही सरळ म्हटलं नाही, 'आपल्यातून निघून गेल्या', 'विसावल्या', 'शांत झोपी गेल्या'. त्या शेवटच्याचं काय झालं सांगते, माझी भाची तेव्हा पाच वर्षांची, त्या रात्रीपासून झोपायला घाबरायला लागली, दिवा बंद करू देईना. आजी झोपली आणि परत आली नाही असं तिने सरळ ऐकलं होतं, मुलं तसंच ऐकतात. मग बहिणीने तिला बसवून सांगितलं की आजी मेली, तिचं शरीर बंद पडलं, तिला आता दुखत नाही आणि ती परत येणार नाही. 'मेली' हा शब्द मोठ्या माणसांच्या कार्यक्रमात कुणी बोलणार नाही हे मान्य, मराठीत मेला-मेली शिवीसारखं वापरतो आपण. पण 'वारली', 'गेली' हे काय वाईट आहेत? समोर मुलं बसलेली असतील तर निदान एक वाक्य त्यांना कळेल असं असावं की.

बाकी त्यांचा आवाज फार छान होता, हे खरं.

खालचा_गोलार्ध

धागा निरोपाचा आहे पण लग्नाचं थोडं लिहितो, कारण तिथे काही शब्द आपल्या हातातच नसतात. मी ऑस्ट्रेलियात सेलिब्रंट आहे. इथे १९७३ पासून सरकारनेमले सिव्हिल सेलिब्रंट आहेत आणि १९६१ च्या विवाह कायद्यात काही वाक्यं दिलेली आहेत, निदान त्या अर्थाची तरी म्हणावीच लागतात. एक मी म्हणायचं, लग्न म्हणजे काय ते, आणि एक दोघांनी एकमेकांना म्हणायचं. बाकीची वीसपंचवीस मिनिटं तुम्ही काय वाटेल ते लिहा.

मराठी घरातलं लग्न असलं की आजीआजोबांसाठी हे मराठीतूनही सांगा म्हणतात. कायद्याचं मी इंग्रजीत म्हणतो, मागोमाग मराठी. पहिल्या वेळी शब्दाला शब्द भाषांतर केलं होतं, "इतर सर्वांना वगळून दोन व्यक्तींचं मीलन". झालं. 'इतर सर्वांना वगळून' म्हटल्यावर मागून एक काका मोठ्याने म्हणाले "मग आम्ही निघू का?" आणि 'मीलन'ला तरुण पोरं फुटली. आता मी म्हणतो, "हे नातं या दोघांचं, स्वखुशीचं, जन्मभराचं आणि फक्त एकमेकांशी." अर्थ तोच, हसू नाही. त्या कायद्यात डिसेंबर २०१७ पर्यंत 'एक पुरुष आणि एक स्त्री' असं होतं, मग 'दोन व्यक्ती' झालं. माझ्या जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करताना एकदा जुनं वाक्य येता येता राहिलं, दोन मुलांचं लग्न होतं. तेव्हापासून जुन्या फाइलवर लिहीत नाही, दरवेळी कोरं पान.

मराठीतली अजून एक गंमत म्हणजे क्रियापद. 'मी स्वीकारतो', 'मी स्वीकारते'. इंग्रजीत तोच शब्द दोघांना चालतो, आपल्याकडे तोंड उघडलं की लिंग ठरतं. एका जोडप्यातल्या एकाला दोन्ही नको होतं. बराच वेळ डोकं खाजवलं, मग वाक्यच फिरवलं, "माझा जोडीदार म्हणून मला तू हवा आहेस" हेही फसलं कारण 'हवा' आला, शेवटी "मला तुझी साथ हवी, माझी साथ तुला" यावर जमलं, 'हवी' साथीची आहे, माणसाची नाही. आणि 'पती' शब्द मी आपणहून घालत नाही, मुळात त्याचा अर्थ धनी, मालक. नवरा म्हणा, जोडीदार म्हणा. कुणी मागितला तर देतो, लग्न त्यांचं आहे. तसंच 'मुलगी देणं', 'सोपवणं', 'आता ती परक्या घरची', हे लिहिताना हातातून आपोआप सांडतं, नंतर वाचताना सापडतं.

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नाला एकच जोडतो, खर्डा मोठ्याने वाचा. मनात वाचून काही कळत नाही. निरोपाला मी मिनिटाला नव्वद-शंभर शब्दांपेक्षा जास्त वाचत नाही, आणि जिथे माझा श्वास पुरत नाही ते वाक्य तोडतो.

कोरा_कागद

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचला धागा. खडू काका, तुमचं ऐकून मधल्या मुलाला फोन केला. तीन मिनिटं बोलला. एकच गोष्ट सांगितली, लहानपणी सायकल शिकवताना बाबांनी मागून धरलेली सीट सोडली आणि "धरलंय धरलंय" म्हणत मागे पळत राहिले, हात सोडलेलाच होता. बास, म्हणाला, एवढंच आहे माझ्याकडे.

न बोलण्याबद्दल असं लिहिलंय, "काही कारणांमुळे दुर्दैवाने वडील आणि मुलामध्ये दुरावा निर्माण झाला होता, परंतु मनातून प्रेम कधीच आटलं नव्हतं." बघा ना जरा.

जुना_खडू

सायकल ठेवा. जशी सांगितली तशी, त्यावर काही चढवू नका.

वाक्याचं सांगतो. 'काही कारणांमुळे' म्हटलं की अख्खा हॉल कारणं आठवायला लागतो. 'दुर्दैवाने' काढा, दैवाने काही केलेलं नाही. 'निर्माण झाला होता' हे कुणीच न केल्यासारखं सरकारी वाटतं. आणि 'मनातून प्रेम कधीच आटलं नव्हतं' हे तुम्हाला कसं माहीत? त्याने सांगितलं? नाही ना. 'कधीच' पण आला बघा, चारातला एक. त्या मुलाच्या जागी मी असतो तर इथेच उठून गेलो असतो.

उरलं काय? "बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत." यात कुणाची चूक नाही, वाईट काही नाही, खोटं काही नाही, आईलाही चालेल आणि मोठीलाही. त्याच्यानंतर थांबा. चांगलं तीन सेकंद. मग सायकल. जोडायला 'पण' सुद्धा घालू नका, 'पण' म्हटलं की ते समर्थन होतं. आणि लोकांसमोर वाचायच्या आधी हे एक वाक्य तिघांना आणि आईला दाखवा.

चुकलेली_मात्रा

'पण' काढल्यावर खरंच वेगळं लागतंय. वाचून काटा आला.

अर्धविराम

कागदावर त्या जागी मोठी रेघ मारून ठेवा, आयत्या वेळी घाईत तीन सेकंद थांबणं होत नाही. अक्षर सोळाच्या खाली नको, आणि ते वाक्य पानाच्या शेवटी येऊ देऊ नका, पान उलटताना माइकमध्ये आवाज येतो.

कोरा_कागद

झालं काल. लिहायचं राहून जाऊ नये म्हणून आत्ताच टाकतेय.

आईंनी वाक्य वाचून मान हलवली. मोठी म्हणाली ठीक. मधल्याला मेसेज केला तर संध्याकाळपर्यंत उत्तर नाही, मला वाटलं गेलं सगळं, दुसरं काहीतरी लिहून ठेवलं. रात्री साडेदहाला फोन आला. म्हणाला बाकी बरोबर आहे, बारा नाही, अकरा. मधे एकदा त्यांचा फोन आला होता. मी उचलला नव्हता, पण आला होता.

मी विचारलं हे घालू का. म्हणाला नको, फक्त आकडा बदला.